हॅरी लॉडर यांचा अभ्यास कसा करावा

हॅरी लॉडर म्हटले की किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा घागऱ्यासारखा पोशाख) घातलेला, वाकडीतिकडी काठी टेकत रंगमंचावर येणारा बुटका, हसरा विनोदवीर डोळ्यांसमोर उभा राहतो. स्कॉटलंडच्या या व्हरायटी (गाणी, विनोद आणि नकलांच्या मिश्र कार्यक्रमांतल्या) कलावंताचा मनापासून अभ्यास करायचा असेल, तर हे चित्र काही दिवस बाजूला ठेवावे आणि सुरुवात कोळशाच्या खाणीपासून करावी.

लॉडर यांचा जन्म ४ ऑगस्ट १८७० रोजी एडिंबरोजवळच्या पोर्टोबेलो येथे झाला. १८८२ मध्ये वडील वारले, तेव्हा सात भावंडांतील थोरल्या हॅरींनी आर्ब्रोथच्या जवसाच्या धाग्याच्या गिरणीत अर्धवेळ काम करत शाळा सांभाळली. पुढे हॅमिल्टन येथे त्यांनी सुमारे दहा वर्षे खाणीत काढली आणि तिथल्या सोबत्यांच्या आग्रहाने ते गाऊ लागले. दमून आलेल्या माणसाला चटकन हसवण्याची त्यांची हातोटी तिथेच घडली असावी, असे मला वाटते.

यानंतर ध्वनिमुद्रणांकडे वळावे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ या संग्रहात त्यांची जुनी गाणी तारखांसह ऐकता येतात. एका बैठकीत दहा गाणी ऐकण्यापेक्षा एकच गाणे तीनदा ऐकावे. पहिल्यांदा शब्दांच्या मागे न लागता केवळ आवाज आणि घोळवून उच्चारलेला ‘र’ ऐकावा. दुसऱ्यांदा कडव्यांच्या मध्ये येणाऱ्या बोलण्याकडे, म्हणजे आपण ज्याला बतावणी म्हणू त्याकडे लक्ष द्यावे. ही बोली स्कॉट्स वळणाची असली तरी लंडन-न्यूयॉर्कच्या श्रोत्यालाही कळेल इतकी सौम्य ठेवलेली आहे. तिसऱ्यांदा फक्त हसणे ऐकावे. ‘स्टॉप यर टिकलिंग, जॉक’ यासाठी उत्तम. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन सहसा वापरला जात नसे. गायकाला मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून गावे लागे आणि समोर दाद देणारा प्रेक्षक नसे. त्या बंद खोलीत हे हसू एकट्याने उभे करावे लागले, हे ध्यानात ठेवून ऐकले की त्यामागची मेहनत जाणवते.

कारकिर्दीचे टप्पे वहीत थोडक्यात नोंदवले तरी पुरेत: १९०० मध्ये लंडनमध्ये पदार्पण, १९०५ मध्ये ग्लासगोच्या पँटोमाइममध्ये (नाताळच्या सुमारास होणाऱ्या विनोदी संगीत नाटकात) गाजलेले ‘आय लव्ह अ लॅसी’, १९०७ मध्ये अमेरिकेचा पहिला दौरा आणि १९१९ मध्ये ‘सर’ ही पदवी. त्यांच्यावरची टीकाही अवश्य वाचावी. कवी ह्यू मॅकडायर्मिड यांच्यासारख्यांना लॉडर यांनी उभे केलेले किल्टधारी स्कॉट माणसाचे चित्र अपमानास्पद वाटत असे, आणि तो आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. परंतु तो पटला तरी गाणाऱ्याचे कसब उणे ठरत नाही.

सर्वांत अधिक वेळ १९१६ नंतरच्या काळाला द्यावा. त्यांचा एकुलता एक मुलगा कॅप्टन जॉन लॉडर २८ डिसेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि १ जानेवारी १९१७ रोजी, नववर्षाच्या सकाळी, तार आली. लॉडर त्या वेळी लंडनमध्ये एका विनोदी कार्यक्रमात रोज काम करत होते. थोड्याच दिवसांत ते पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. त्याच वर्षी एक छोटा पियानो मोटारीवर लादून ते फ्रान्समध्ये आघाडीवरच्या सैनिकांसमोर गायले आणि ओव्हिलेर येथे मुलाच्या कबरीपाशीही गेले. हा प्रवास त्यांनी ‘अ मिन्स्ट्रेल इन फ्रान्स’ या पुस्तकात लिहिला असून ते प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. कबरीचा प्रसंग आधी सावकाश वाचावा, आणि मगच ‘कीप राइट ऑन टू द एंड ऑफ द रोड’ हे त्यांचे नंतरचे गाणे लावावे.