पुल-अप्सची संख्या अडून राहते तेव्हा

पुल-अप्स वाढत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बरेच जण दररोज बारला लटकून दम संपेपर्यंत ओढतात, दुसऱ्या सेटमध्येच पाय झाडू लागतात आणि दुसऱ्या दिवशी थकल्या हातांनी पुन्हा तेच करतात. अशा सरावात घाम भरपूर गळतो, पण पूर्ण आणि नीट काढलेले पुल-अप्स मोजकेच पदरात पडतात. संख्या वाढवायची असेल, तर दमण्याच्या बरेच अलीकडे थांबून आठवड्याभरातील चांगल्या पुल-अप्सची बेरीज वाढवावी लागते.

ज्यांना अद्याप एकही पुल-अप जमत नाही, त्यांनी सुरुवात वरून करावी. स्टुलावर उभे राहून हनुवटी बारच्या वर आणावी, पाय सोडावेत आणि सुमारे पाच सेकंद घेत, मध्येच न कोसळता, हात पूर्ण सरळ होईपर्यंत खाली यावे. स्नायू जेवढे वजन उचलू शकतो त्याहून अधिक वजन तो लांबत असताना पेलू शकतो. म्हणून वर जाण्याची ताकद नसतानाही उतरण्याचा सराव करता येतो. अशा तीन ते पाच उतरणींचे तीन सेट आठवड्यातून दोनदा पुरेत, कारण या प्रकाराने स्नायू इतर व्यायामांपेक्षा जास्त दुखतात. रबरी बँडचा आधार घेण्यास हरकत नाही. मात्र बँड सर्वाधिक ताणलेला असतो तेव्हा, म्हणजे अगदी खाली, सर्वाधिक मदत करतो, आणि त्यामुळे ज्याची सुरुवातच अडते त्याची ती उणीव झाकली जाते.

ती सुरुवात स्वतंत्रपणे शिकण्यासारखी आहे. बारला सरळ लटकून, कोपर न वाकवता, फक्त खांदे कानांपासून खाली ओढावेत. शरीर जेमतेम काही सेंटिमीटर वर येते. हालचाल क्षुल्लक दिसते, परंतु पाठीतील लॅट्स हा मोठा स्नायू कामाला लावण्याची सवय तिच्यामुळेच लागते. केवळ दंडांच्या बळावर ओढणाऱ्याचे हात लवकर थकतात.

तीन ते आठ पुल-अप्स निघत असतील, तर प्रत्येक सेटमध्ये आपल्या कमाल संख्येच्या निम्मेच काढावेत. कमाल सहा असेल तर तीन-तीनचे पाच सेट, मध्ये दोन ते तीन मिनिटे विश्रांती, आणि असे आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस सोडून. पहिला आठवडा फारच सोपा वाटेल. तो तसाच वाटू द्यावा. पुढे दर आठवड्याला दिवसाच्या एकूण संख्येत एक-दोनची भर घालत जावी आणि कमाल संख्या चार आठवड्यांनंतरच तपासावी. दररोज स्वतःची परीक्षा घेण्याचा मोह आवरणे हा या पद्धतीतील सर्वांत अवघड भाग आहे, असे माझे मत आहे.

दहा-बाराच्या पुढे गेल्यावर एका दिवशी कमरेला अडीच ते पाच किलो वजन बांधून तीन ते पाचचे सेट करावेत. जादा वजनाची सवय झाली की नुसते शरीर हलके वाटू लागते. उलटपक्षी, अंगावरची अनावश्यक चरबी घटली तरी तोच लाभ होतो, कारण येथे उचलायचे ओझे म्हणजे आपण स्वतःच असतो.

तळवे स्वतःकडे वळवून काढलेल्या चिन-अप्समध्ये बायसेप्सची मदत अधिक मिळते, त्यामुळे ते बहुतेकांना सोपे जातात. एखाद्या दिवशी तेच करण्यात कमीपणा नाही. पाठीआधी पकड सुटत असेल, तर शेवटी वीस-तीस सेकंद नुसते लटकावे. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले, तर मात्र सेट लगेच कमी करावेत: स्नायूंच्या मानाने कंडरा, म्हणजे स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्या, सावकाश बळकट होतात, आणि तेथील दुखणे अंगावर काढल्यास बारपासून कित्येक आठवडे दूर राहण्याची वेळ येऊ शकते.