टिपची तयारी निघण्याआधीच करा

परदेशात टिप देण्याच्या तयारीतलं पहिलं काम निघायच्या आठवडाभर आधी, घरीच उरकायचं. ज्या देशात जाणार तिथे वेटरचा पगार नेमका कोण देतं, हे समजून घ्यायचं. किती टक्के द्यायचे हा प्रश्न त्याच्यानंतरचा. हे एकदा कळलं की टक्केवारी पाठ करावी लागत नाही, आणि देतानाही मन खात नाही.

अमेरिकेला जात असाल तर तयारी सगळ्यात जास्त. टिपवर काम करणाऱ्याला मालकाने द्यायचा केंद्रीय किमान पगार ताशी २.१३ डॉलर आहे आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बाकीची कमाई टिपमधून होईल असं कायदाच धरून चालतो. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, पण टिपची रीत तिथेही तीच. म्हणून बसून जेवायचं असेल तर १८ ते २० टक्के जेवणाच्या खर्चातच धरा. शिवाय मेन्यूतल्या किमतीत कर नसतो. न्यूयॉर्कमध्ये तो ८.८७५ टक्के आहे, म्हणजे १०० डॉलरचं जेवण २० टक्के टिप धरून जवळजवळ १२९ डॉलरला पडतं. तेवढं बजेट नसेल त्या दिवशी काउंटरवरून घेऊन खा, त्यात काही कमीपणा नाही. काउंटरवरच्या स्क्रीनने टिप मागितली तरी तिथे नाही म्हणता येतं. पण कुणीतरी तासभर तुमच्या टेबलाची उठबस केली असेल, तर त्याचे पैसे बुडवू नका.

तिथली कार्ड देण्याची पद्धतही आधीच डोक्यात बसवा. बऱ्याच ठिकाणी वेटर कार्ड घेऊन जातो आणि दोन पावत्या घेऊन परत येतो. त्यावर टिपसाठी एक रिकामी ओळ आणि खाली एकूण रकमेची दुसरी असते. दोन्ही आकडे स्वतः लिहायचे, सही करायची, एक पावती आपल्याकडे ठेवायची. टिपचे टक्के कर लागण्याआधीच्या रकमेवर काढले तरी चालतात. सहा-आठ जण असाल तर मात्र आधी बिल नीट वाचा, कारण मोठ्या टेबलाला टिप बऱ्याचदा आधीच जोडलेली असते.

बिल वाचायची ही सवय युरोपात आणखी कामाला येते. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे मेन्यूच्या किमतीतच असतात. आवडलं तर एक-दोन युरो टेबलावर ठेवा, नाही ठेवले तरी कुणी वाईट मानत नाही. इटलीत बिलावर ‘कोपेर्तो’ दिसेल. तो टेबलाचा माणशी आकार आहे, टिप नव्हे, त्यामुळे तो बघून वेटरला पैसे मिळाले असं समजू नका. लंडनमध्ये १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज सर्रास लावलेला असतो. तो ऐच्छिक असेल तर काढून टाकायला सांगता येतो. ठेवलात तर वर आणखी काही द्यायची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून मालकाने तो पैसा कामगारांपर्यंत पोचवलाच पाहिजे असा कायदा आहे, त्यामुळे मी तो बिनदिक्कत देते.

जर्मनीत पैसे टेबलावर सोडून निघायचं नसतं. वेटर समोर उभा असतानाच टिपसकट आकडा सांगायचा: बिल २७.५० युरोचं, तुम्ही नोट पुढे करत ‘तीस’ म्हणायचं. इथे मी एकदा फसले. पन्नासची नोट देताना सवयीने ‘डांके’ म्हणाले, आणि वेटर हसून, आभार मानून निघालासुद्धा. नोट देताना आभार मानले की ‘उरलेले तुम्हाला’ असा अर्थ निघू शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला परत बोलावून समजावणं दोघांनाही अवघड गेलं. तेव्हा सुटे हातात येईपर्यंत आभार मानू नका.

सिंगापूरला मेन्यूत किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं (++) दिसली तर सर्व्हिस चार्ज आणि कर वेगळे लागणार, हे ओळखा. त्यावर टिप लागत नाही.

पाकिटात त्या देशाच्या छोट्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. एटीएममधून मोठी नोट आली तर पहिल्याच दुकानात मोडून घ्या. दुसऱ्या देशाची उरलेली चिल्लर टिप म्हणून कधीच देऊ नका. परकी नाणी बदलून देणारं सहसा कुणी नसतं, आणि आपण खूश होऊन दिलेलं त्या माणसाला निरुपयोगी ठरतं. कार्डाच्या मशीनने कोणत्या चलनात पैसे घेऊ विचारलं तर तिथलंच चलन निवडा, नाहीतर टिपसकट सगळ्या रकमेवर महागडा दर लागतो.

जपानसाठी उलटी तयारी. टेबलावर नाणी ठेवून निघालात तर तुम्ही विसरलात असं समजून वेटर रस्त्यापर्यंत धावत येईल आणि दोन्ही हातांनी ती परत करेल. इझाकायात, म्हणजे तिथल्या दारू-खाण्याच्या साध्या हॉटेलात, न मागवलेली छोटी वाटी आली तर ती ‘ओतोशी’, तिचे पैसे बिलात लागतात. टिपच्या जागी तिथे शब्द चालतात: निघताना आतल्या माणसांकडे वळून ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणायचं, छान जेवू घातलंत अशा अर्थाने. विमानात बसायच्या आधी चार वेळा मोठ्याने म्हणून बघा.