छोटा लॅपटॉप कमी बजेटमध्ये घ्यायचाय? आधी हे बघा

माझ्या बहिणीची मुलगी इथे इंदूरलाच एम.कॉम. करतेय, सुदामानगरहून खंडवा रोडच्या युनिव्हर्सिटी कॅम्पसला रोज सिटी बसने जाते, अर्धा वेळ उभं राहून, पाठीवर पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली आणि वर तिच्या बाबांचा जुना 15 इंची लॅपटॉप, चार्जर धरून तीन किलोच्या आसपास. दिवाळीनंतर मानच धरली तिची. मला म्हणाली, मावशी, एखादा छोटासा बघ ना, 30 हजारांच्या आत. मग आम्ही दोन शनिवार आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये घालवले, दुकानं पालथी घातली, आणि त्यातून जे पक्कं कळलं ते इथे लिहितेय, कारण आपल्या ओळखीत दर जून-जुलैला कोणी ना कोणी हेच विचारतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या. या बजेटमध्ये सगळं चांगलं एकाच मशीनमध्ये मिळत नाही, काहीतरी सोडावंच लागतं. म्हणून दुकानात प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा: हे नंतर बदलता येईल का? एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा, बदलता येते, बॅटरी बहुतेक मशीनमध्ये बदलता येते, रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, कधी वाढवता येते कधी नाही, विंडोज तर काय पुन्हा टाकता येतं. पण स्क्रीन, कीबोर्ड, प्रोसेसर आणि वजन हे जे घ्याल तेच शेवटपर्यंत. जे बदलता येत नाही त्यावर पैसे घाला, बाकीच्यावर वाचवा. दुकानदार नेमकं उलटं दाखवतात, "मॅडम, इसमें 512 है" म्हणतात, आणि आपण त्या 512 जीबीच्या एसएसडीवर खूश होऊन मळकट स्क्रीन घरी आणतो.

साइझचं आधी. 11.6 इंची साधारण सव्वा किलोपर्यंत असतो, 12.5 आणि 13.3 वाले चांगल्या बांधणीचे तेवढेच किंवा थोडे जड, 14 इंची दीड किलोच्या आगेमागे. दुकानात नुसता लॅपटॉप उचलून बघू नका, चार्जरसकट आपल्या रोजच्या बॅगेत घालून खांद्याला लावून बघा, आम्ही खरंच तसं केलं आणि दुकानातल्या पोराने काही हरकत घेतली नाही. काही जुन्या मॉडेल्सचा चार्जरच विटेएवढा असतो. टाइप-सी वर चार्ज होणारा मिळाला तर फार बरं, पण टाइप-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून चार्ज होतोच असं नाही, कितीतरी स्वस्त मॉडेल्समध्ये ते फक्त डेटासाठी असतं. लावून दाखवा म्हणायचं.

आता स्क्रीन, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण दिवसभर बघायचं तिच्याकडेच असतं. स्वस्त मशीनमध्ये दोन तऱ्हेचे पॅनल येतात, टीएन आणि आयपीएस. डब्यावर टीएन असं कोणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही पण ओळखायला अगदी सोपं आहे. एखादा गडद रंगाचा फोटो उघडा आणि झाकण हळूहळू मागे-पुढे करा. टीएन असेल तर एका कोनात काळा रंग करडा पडतो, चेहरे निगेटिव्हसारखे उलटे दिसायला लागतात. आयपीएसमध्ये थोडा उजेड कमी-जास्त होतो पण चित्र तेच राहतं. भाचीला मी म्हटलं, तू खुर्चीवर बस, मी उभी राहते, दोघींना सारखं दिसतंय का सांग, बस, झाली टेस्ट. मग रेझोल्यूशन. 1366 बाय 768 हे 11-12 इंचांवर चालून जातं, अक्षरं नीट दिसतात, पण एक्सेल उघडलं की वरचा रिबन अर्धी जागा खातो आणि खाली मोजक्या ओळी उरतात, कॉमर्सवाल्यांना ते जाचतं. 1920 बाय 1080 मिळत असेल तर तेच घ्या, अक्षरं बारीक वाटली तर सेटिंगमध्ये स्केलिंग 125 किंवा 150 टक्के करायचं. ब्राइटनेस 250 निट्सच्या (उजेड मोजायचं एकक) आत असेल तर घरात ठीक, पण गॅलरीत किंवा खिडकीपाशी उन्हात काही दिसणार नाही.

कीबोर्डकडे तर कोणी बघतच नाही. मी दिवसभर मराठीत टाइप करते, इनस्क्रिप्ट या देवनागरीच्या कीबोर्ड मांडणीवर, त्यामुळे मला उजवा शिफ्ट नीट मोठा लागतो. आता बघा, इनस्क्रिप्टमध्ये "आई" लिहायचं तर आ आणि ई दोन्ही डाव्या हाताच्या बटणांवर, शिफ्ट दाबून, म्हणजे उजवी करंगळी दोन्ही वेळा शिफ्टवर जाणार. छोट्या लॅपटॉपमध्ये जागा वाचवायला नेमका तोच शिफ्ट एवढासा करतात आणि शेजारी वरचा ॲरो घुसवतात, मग दर दुसऱ्या शब्दाला कर्सर वरच्या ओळीत पळतो. दुकानात नोटपॅड उघडून चार ओळी टाइप करा, उभ्याउभ्या नाही, स्टूल मागून बसून. नॉर्मल कीबोर्डमध्ये एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 19 मिलीमीटर असतात, 12.5 इंचीपर्यंत बहुतेक तेवढेच किंवा अगदी जवळपास मिळतात, त्याखाली बोटं अडखळायला लागतात. आणि मधोमध जरा जोरात दाबून बघा, गादीसारखा खाली बसत असेल तर नको. टॅली करणाऱ्यांनो, छोट्या लॅपटॉपला नमपॅड, म्हणजे उजवीकडचा आकड्यांचा वेगळा भाग, नसतो, यूएसबीचा वेगळा घ्या, स्वस्तात मिळतो.

प्रोसेसरच्या नावांनी डोकं गरगरतं, तर सोपं करून सांगते. कोअर म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग. इंटेलचा सेलेरॉन एन 4020 दोन कोअरचा आहे, आज त्यावर झूम चालू ठेवून क्रोममध्ये पाच टॅब उघडले की धापा टाकतो, कितीही स्वस्त असला तरी सोडा. इंटेलचा एन 100, जो 2023 मध्ये आला, चार कोअरचा आहे आणि वीज फार कमी खातो, अभ्यास, ऑफिसचं लिखाण, व्हिडिओ, ऑनलाइन क्लास याला पुरतो. आय 3 एन 305 आठ कोअरचा, त्याहून बरा. आय 3 1215 यू मिळाला तर त्यात दोन मोठे, जास्त वेगवान कोअरही असतात, काम जास्त झपाट्याने होतं, बॅटरी थोडी जास्त जाते. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरमध्ये एक मेख आहे. रायझन 3 7320 यू आणि 7330 यू, दोन्ही नव्या 7000 सिरीजचे दिसतात, पण त्यांच्यात कोअर कोणत्या पिढीचा ते तिसरा आकडा सांगतो: 7320 मधला 2 म्हणजे झेन 2, जे डिझाइन 2019 चं, आणि 7330 मधला 3 म्हणजे झेन 3. 7320 वाईट नाही, साध्या कामाला चालतो, पण त्याची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, कधीच वाढणार नाही, तेव्हा तो घेत असाल तर 16 नाहीतर निदान 8 जीबीवालाच घ्या.

फॅन नसलेले लॅपटॉपही येतात, अजिबात आवाज नाही, धूळही आत कमी जाते. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा 40 च्या वर गेला आणि खोलीत कूलर नसला की ते गरम होऊन स्वतःच वेग कमी करतात. पलंगावर, गोधडीवर ठेवून वापरणार असाल तर हे आणखी जाणवेल.

रॅम 8 जीबी, यात तडजोड नको. 4 जीबीवर विंडोज 11 कागदोपत्री चालतं, तेवढंच. विचारायचं ते हे की रॅमचा स्लॉट आहे का, की सगळी ऑनबोर्ड, म्हणजे बोर्डावरच पक्की बसवलेली. स्लॉट असेल तर आज 8 वर भागवून पुढच्या वर्षी वाढवता येते.

स्टोरेजबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी मी एक 11.6 इंची घेतला होता, दिसायला इतका गोड, किंमत बघून तर लगेच हो म्हटलं. आत 32 जीबी ईएमएमसी. महिन्याभरात सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, मोठं अपडेट आलं की जागाच पुरेना, पेनड्राइव्ह लावून अपडेट करावं लागायचं, प्रत्येक वेळी दोन-तीन तास जायचे. शेवटी कपाटात गेला तो. ईएमएमसी म्हणजे मोबाइलच्या मेमरीसारखी बोर्डावर चिकटवलेली चिप, एसएसडीपेक्षा बरीच हळू आणि बदलताही येत नाही. आता 64 आणि 128 वाले येतात, पण विंडोज 11 ची किमान गरजच 64 जीबीची आहे, म्हणजे बघा तुमच्यासाठी काय उरतं. एम डॉट टू एसएसडी (काढता-घालता येणारी छोटी पट्टी) 256 जीबी असली तरी पुरे, भरली तर मोठी टाकता येते, फक्त लांबी विचारून ठेवा, काहींत 2242 ची छोटीच बसते, नेहमीची 2280 नाही.

बॉक्सवर विंडोज 11 एस मोड लिहिलं असेल तर घाबरू नका. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप चालतात, पण एस मोडमधून फुकट बाहेर पडता येतं, एकदा बाहेर पडलात की परत त्यात जाता येत नाही इतकंच. क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलची सिस्टीम असलेला लॅपटॉप, फक्त ब्राउझरमध्ये काम असेल त्यालाच सांगेन, टॅली तिथे सरळ चालत नाही, म्हणून आमच्या यादीतून पहिल्याच दिवशी बाद.

आता रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले, तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेले. आम्ही शेवटी इकडेच वळलो. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून जे ऑफिसचे लॅपटॉप काढून टाकतात त्यात छोटे, मजबूत, सुरेख कीबोर्डचे मॉडेल असतात: थिंकपॅड एक्स 280, डेल लॅटिट्यूड 7290 हे 12.5 इंची, एचपी एलिटबुक 830 जी 5 हा 13.3. मूळ किंमत बजेटच्या कितीतरी वर होती, म्हणून बिजागरी, बॉडी, टाइप करायला मिळणारा आराम सगळं वेगळंच असतं. पण काही गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, आठव्या पिढीत आय 5 नंतरचा आकडा 8 ने सुरू होतो, 8250 यू चार कोअरचा आहे आणि सातव्या पिढीचा 7200 यू फक्त दोनचा, वर विंडोज 11 अधिकृतपणे आठवीपासून पुढेच चालतं आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. सहावी-सातवी फार स्वस्तात मिळत असेल आणि विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टीम वापरायची तयारी असेल तर त्यातलं मिंट टाकून मजेत चालेल, नाहीतर नको. एक्स 280 ची रॅम सोल्डर असते, 7290 ला एक स्लॉट, 830 जी 5 ला दोन.

बॅटरी तपासायची पद्धत नीट समजून घ्या. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, इंग्रजीत पॉवरसीएफजी टाइप करायचं, एक स्पेस, मग स्लॅश आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport), एंटर. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे शोधा. आम्ही बघितलेल्या एका मशीनमध्ये पहिला 42,000 मिलीवॉट-अवर (म्हणजे 42 वॉट-अवर) होता आणि दुसरा 19,500, म्हणजे निम्म्याहून कमी जीव उरलेला, आणि टास्कबारवर मात्र 100 टक्के दिसत होतं. हिशोब साधा आहे: 42 वॉट-अवरची बॅटरी आणि हलक्या कामाला 7 वॉट खर्च, तर सहा तास, तीच 19.5 ची झाली की पावणेतीन. दुकानदाराला रिपोर्ट दाखवला तर तो नवी बॅटरी टाकून द्यायला तयार झाला, थोडे पैसे वाढवून.

मग मशीन बंद करून चालू करताना एफ 2 किंवा एफ 1 किंवा एफ 10 दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन या, पासवर्ड मागितला तर ते मशीन तिथेच ठेवा. पूर्ण पांढरा फोटो लावून डाग बघा, प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह घालून बघा, कॅमेरा, माइक, स्पीकर, वायफाय आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी किती महिन्यांची आणि त्यात बॅटरी धरलीय का हेही त्याच बिलावर. तोंडी "आ जाना, देख लेंगे" यावर जाऊ नका.

नवा की रिफर्बिश्ड? ज्यांना बिघडलं तर कोणाकडे जायचं याचा घोर लागतो, किंवा गावी राहतात जिथे रिपेअरवाला नाही, त्यांनी एन 100 किंवा 1215 यू चा नवा, एक वर्षाच्या वॉरंटीचा घ्यावा, मनाची शांती मोठी आहे. जे स्वतः थोडं बघू शकतात आणि टाइपिंग भरपूर आहे त्यांनी रिफर्बिश्ड.

आम्ही 12.5 इंचीच घेतला, आठव्या पिढीचा, 8 जीबी, एक स्लॉटवाला, बॅटरी नवी टाकून. 1080 ची स्क्रीन मिळवायला 512 ची एसएसडी सोडून 256 वर आलो. कॅमेरा 720 पीचाच आहे आणि संध्याकाळी चेहरा धुरकट दिसतो, ते आम्हाला माहीत होतं, क्लासला तेवढं पुरतं. घरी आल्यावर पहिल्या रात्री आम्ही ट्रायलचा अँटीव्हायरस काढला, सगळी अपडेट उरकली, चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबायची सेटिंग लावली आणि मराठीचा कीबोर्ड जोडून दिला. आता तिची बॅग तिची आजीसुद्धा एका हाताने उचलून ठेवते.