एम्युलेटर लिहिताना आवाजाने शिकवलेले

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी फॅमिकॉमचा, म्हणजे निंटेंडोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या व्हिडिओ गेम यंत्राचा, एम्युलेटर (त्या यंत्राची संगणकावर हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम) लिहायला घेतला, तेव्हा पडद्यावर चित्र उमटले की काम फत्ते, अशी माझी समजूत होती. चित्र दोन महिन्यांत आले. आवाजाने मात्र पुढचे सात महिने खाल्ले, आणि आज ध्वनीविषयक सॉफ्टवेअरवर माझे पोट चालते ते त्या सात महिन्यांच्या जोरावर. या वाटेला नव्याने येणाऱ्यांनी आवाजाचे काम 'नंतर बघू' म्हणून मागे ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

सेकंदाला साठ फ्रेम दिसत असताना त्यांतली एखादी गळाली तर डोळा बहुधा माफ करतो. आवाजात अगदी बारीक फट पडली, तरी कानाला 'टक्' ऐकू येतेच. लालबागला आमच्या चाळीतल्या घरी रात्री सगळे झोपल्यावर, लॅमिंग्टन रोडवरून आणलेले हेडफोन लावून मी बसत असे आणि थोड्या थोड्या वेळाने ते 'टक्' येत असे. मी आधी हेडफोनला दोष दिला, मग वायर बदलली, दुकानदाराशी हुज्जतही घालून आलो. शेवटी एका रात्री भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजले, तर दर चाळीसेक सेकंदांनी एक 'टक्', अगदी नेमाने. इतका नेम पाळणारा दोष वायरचा नसतो, तो हिशेबाचा असतो.

हिशेब असा होता. मूळ यंत्र सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम काढते, तर माझा मॉनिटर ६० दाखवत होता आणि मी खेळ मॉनिटरच्या तालावर चालवत होतो. त्यामुळे साउंड कार्ड दर सेकंदाला ४८,००० सॅम्पल (आवाजाची क्षणोक्षणीची मूल्ये) मागत असताना माझ्याकडून जेमतेम ४७,९२१ जात होती. बफरमध्ये, म्हणजे पुढे वाजायच्या आवाजाच्या साठ्यात, ६४ मिलिसेकंदांची, म्हणजे ३,०७२ सॅम्पलची शिल्लक असे. सेकंदाला ७९ची तूट सोसत ती एकोणचाळीस सेकंदांत संपे, जसा आमच्याकडे पगार पंचवीस तारखेला संपत असे. बफर मोठा करून पाहिला, पण मग उडी मारल्यावर उडीचा आवाज रेंगाळत येऊ लागला. यावर दोन उपाय आहेत: एक तर आवाजालाच घड्याळ मानून बफर रिकामा होईल तशी पुढची फ्रेम चालवायची, नाही तर बफरमधली शिल्लक पाहून आवाज क्षणोक्षणी किंचित ताणायचा वा आवळायचा. रेट्रोआर्क ही एम्युलेटर चालवण्याची प्रणाली दुसरी पद्धत वापरते आणि त्या ताणण्याची मर्यादा मुळात अर्धा टक्का ठेवलेली असते, इतकी कमी की सूर बदलल्याचे सहसा जाणवत नाही.

दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक नवखा करतो. या यंत्राच्या प्रोसेसरचे ठोके सेकंदाला सुमारे १७.९ लाख पडतात. प्रत्येक ठोक्याला मिळणाऱ्या आवाजाच्या मूल्यांतून दर सदतिसावे तेवढे उचलले की ४८,०००च्या आसपास सॅम्पल मिळतात खरी, पण चौकोनी तरंगाचे (झटक्यात वर-खाली होणाऱ्या लहरीचे) वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले उंच सूर, दुमडून खाली येतात आणि उंच स्वरांखाली बेसूर कुजबुज ऐकू येऊ लागते. 'ब्लार्ग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शे ग्रीन यांनी यासाठी लिहिलेली छोटी लायब्ररी आधी वाचावी, मग वाटल्यास स्वतःची लिहावी. त्यांचे चाचणी रॉमही, म्हणजे एम्युलेटर बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम, चालवून पाहावेत. ते माझ्या एम्युलेटरला कितीतरी आठवडे नापास करत होते.

खेळ चालणे हेही पुष्कळदा आवाजावरच अवलंबून असते. निंटेंडोच्याच पुढच्या यंत्रात, सुपर निंटेंडोमध्ये, ध्वनीसाठी एसपीसी७०० हा वेगळा प्रोसेसर आणि त्याची स्वतःची ६४ किलोबाइट मेमरी असते. मुख्य प्रोसेसर त्याच्या उत्तराची वाट पाहत थांबतो, आणि ते उत्तर देणारे कोणी नसेल तर अनेक खेळ सुरूच होत नाहीत. अशा वेळी नवखा माणूस चित्राच्या कोडमध्ये दोष शोधत बसतो.

सगळ्यांत मोठा धडा मात्र दादाने दिला. सारे आकडे जुळल्यावर मी मोठ्या ऐटीत त्याला ऐकवले, तर तो म्हणाला, "हा आपला नाही रे, आपला जाड होता. आणि हा एवढा घाई का करतोय?" लहानपणी चाळीत कॅसेटला फुंकर मारून आम्ही जे खेळायचो ते मूळ यंत्र नव्हतेच, नक्कल होती. अशा अनेक नकली यंत्रांच्या चिपमध्ये पंचवीस आणि पन्नास टक्क्यांच्या चौकोनी तरंगांची (एका फेरीत तरंग किती टक्के वेळ वर राहतो त्यावरून ही नावे) अदलाबदल झालेली असते, त्यामुळे जिथे नाकातला बारीक सूर हवा तिथे भरीव सूर वाजतो. शिवाय पाल या प्रसारण पद्धतीच्या टीव्हीसाठी बनलेल्या नकला सेकंदाला ५० फ्रेमवर चालत. त्यांतल्या पुष्कळांच्या प्रोसेसरचा वेग मुळाच्या जवळ राखलेला असल्याने पट्टी एक टक्काही उतरत नसे, फ्रेमवर बेतलेली लय तेवढी सहाव्या हिश्शाने मंदावे. दादाचा कान दोन्ही बाबतींत बरोबर होता, आणि माझा कोडही बरोबरच होता. म्हणून कोणत्या यंत्राचा आवाज काढायचा आहे, हे कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवून कागदावर लिहून ठेवावे. माझ्या एम्युलेटरमध्ये आता दोन्ही पर्याय आहेत. सुरू होताना मुळाचा लागतो, आणि दादा बसला की पहिल्यांदा तो बदलतो.