रणातले साप-सरडे: शोधायचे कसे, फोटो काढायचे कसे

मी बडोद्याची. घर दांडिया बाजारात, नोकरी रावपुऱ्यात एका चष्म्याच्या दुकानात. गेली अकरा वर्षं जोडून सुट्टी आली की मी कच्छच्या रणात जाते. कधी पाटडी-बजाणाकडून छोट्या रणात, कधी भुजवरून बन्नीच्या गवताळ माळावर, आणि दोनदा जैसलमेरलाही जाऊन आले. फोटो काढते फक्त सरपटणाऱ्या प्राण्यांचे. ओळखीची पोरं घरी येतात आणि चहा यायच्या आधीच विचारतात, "ताई, लेन्स कुठली घेऊ?" लेन्सचं पुढे सांगते. आधी प्राणी दिसायला हवा, आणि त्यासाठी जमीन वाचता यायला हवी. ते शिकायला मला तीन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून हे लिहितेय.

पहिला महिना रणात जाऊच नका. कमाटीबागेत जा. सकाळी साडेआठच्या सुमाराला झाडाच्या खोडावर नाहीतर कुंपणावर आपला नेहमीचा बागेतला सरडा ऊन खात बसलेला असतो. त्याच्यापासून वीस पावलांवर थांबा. सरळ त्याच्या अंगावर चालून जायचं नाही, तिरकं सरकायचं, जणू आपण दुसरीकडेच निघालोय. त्याने मान ताठ केली की जागच्या जागी थांबायचं. मान सैल झाली, तो मुंग्या टिपायला लागला, की आणखी दोन पावलं. आपली सावली त्याच्या अंगावर पडू द्यायची नाही; सावली पडली की घार आली असंच तो समजतो. किती पावलांवर पळाला ते रोज वहीत लिहा. मी सुरुवात केली तेव्हा माझा आकडा अकरा होता, महिन्याभराने चारवर आला. चारवर आलात की रणात जायला हरकत नाही.

आता मोसम. छोटं रण म्हणजे घुडखराचं, रानगाढवाचं अभयारण्य, जवळपास पाच हजार चौरस किलोमीटर. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं आणि फक्त उंचवट्याची बेटं कोरडी राहतात. १६ जून ते १५ ऑक्टोबर अभयारण्य बंदच असतं. डिसेंबर-जानेवारीत थंडीमुळे बहुतेक प्राणी बिळात असतात, खेप फुकट जाते. माझे मोसम दोन: फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, आणि दिवाळीच्या आसपास. पाटडीला अहमदाबाद-विरमगाम करत गाडीने चार-साडेचार तास लागतात. बन्नीसाठी रात्री सयाजीनगरी एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी भुजला उतरायचं. अभयारण्यात परवाना काढून आणि गाइड घेऊनच जायचं. अंधार पडल्यावर आत थांबता येत नाही. रात्रीचं फिरणं हवं असेल तर बाहेर, गावातल्या ज्याच्याकडे उतरलोय त्याच्या शेतात, त्याला विचारून आणि त्याला बरोबर घेऊन.

जमीन वाचायची वेळ म्हणजे सूर्य उगवल्यापासून साधारण दीड तास. रात्रभर जे काही फिरलं त्याची नोंद रेतीत असते आणि वारा सुटला की पुसली जाते. जैसलमेरकडे वाळूच्या टेकड्यांवर हे सोपं आहे. आपल्या रणात जमीन चिकणमातीची आणि कडक असते, तिथे गाडीवाटेवरची पिठासारखी धूळ शोधायची. सूर्याकडे तोंड करून चाला. समोरून तिरपा उजेड आला की ठशाच्या कडांची सावली उमटते आणि पाठ फिरवून जे अजिबात दिसलं नसतं ते स्पष्ट दिसतं. एवढ्या एका गोष्टीने माझं काम निम्मं झालं.

धुळीत दोन बाजूंना टाचणीएवढे पाय आणि मधून दोऱ्यासारखी शेपटीची रेघ असेल तर छोटा सरडा. तेच रुंद, नखांचे ओरखडे आणि मधली रेघ जाड, वळणं घेत गेलेली असेल तर घोरपड. एकच जाड, गुळगुळीत खाच, जणू कुणी पाण्याचा पाइप ओढत नेलाय, ती मांडुळाची असू शकते. आणि एकमेकींना न चिकटलेल्या, तिरक्या, आखूड रेघा एकापुढे एक, शिडीच्या पायऱ्या मांडल्यासारख्या, म्हणजे फुरसं. मऊ रेतीत ते अंग उचलून कडेकडेने जातं, म्हणून रेघा तुटक पडतात. थरच्या टेकड्यांवर कधी नागमोडी खचलेली नळी दिसते आणि ती मध्येच संपते. तो सापसुरळीच्या जातीतला प्राणी, रेतीच्या आतून पोहत गेलेला असतो. ती नळी उकरायचा मोह होतो. उकरायचं नाही.

ठसा ताजा की शिळा हे बघायला खाली वाका. कडा धारदार असतील तर पहाटेचा. ठशावरून किड्याच्या पायांची टिंबं गेली असतील तर तो किड्याच्या आधीचा, बहुधा मध्यरात्रीचा. ताज्या ठशाचा माग एखाद्या झुडपाच्या बुडाशी गेला तर तिथे हात घालू नका, पायही नाही. चार हात लांबूनच झुडपाला फेरी मारा. पलीकडून माग बाहेर पडलेला नसेल तर प्राणी आतच आहे. मग संध्याकाळी परत या.

सांड्याबद्दल, म्हणजे काटेरी शेपटीच्या सरड्याबद्दल, थोडं सविस्तर सांगते, कारण माझा जीव त्याच्यावर आहे. गुजरातीत सांढो. बिळाचं तोंड चपटं, अर्ध्या चंद्रासारखं, पुढे उकरलेल्या मातीचा ढीग. रात्री तो आतून माती लोटून दार लावून घेतो. सकाळी जमीन तापली की, मार्चमध्ये नऊच्या सुमाराला, दाराची माती आधी थोडी हलते. मग नाक. मग बराच वेळ काहीच नाही. मी एकदा घड्याळ लावून बसले होते, नाक दिसल्यापासून पुढचे पाय बाहेर यायला सत्तावीस मिनिटं लागली. बाहेर येतो तेव्हा रंग काळपट असतो. ऊन अंगात मुरलं की मातकट पिवळा होत जातो. काळपट आणि मातकट असे दोन्ही फोटो हवे असतील तर तासभर हलायचं नाही. मांडीच्या पुढच्या बाजूला काळा ठिपका असतो, तो एका कुशीकडून चांगला येतो. शेपटीवर काट्यांची कडी. घाबरला की डोक्याने आत शिरतो आणि काटेरी शेपटी दारात ठेवतो. असा तो आत गेला की कधी कधी दोन-दोन तास वर येत नाही, आणि त्याचे चरायचे तास तेवढेच असतात. बहुतांशी पाला, गवत, फुलं खाऊन राहणारा प्राणी आहे, सकाळ गेली की त्याची भूक गेली. म्हणून घाई करून त्याला आत पळवला तर नुकसान त्याचं होतं.

सांड्यासाठी सगळ्यात चांगली आडोशाची जागा म्हणजे गाडी. ती त्याला माणसाइतकी भीतीदायक वाटत नाही. बिळापासून आठ-दहा मीटरवर, ऊन आपल्या पाठीशी येईल अशी आदल्या संध्याकाळीच जागा ठरवून ठेवा, सकाळी लवकर येऊन इंजिन बंद करा आणि काच खाली घ्या. खिडकीच्या कडेवर तांदळाची कापडी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. पिशवी बडोद्याहून भरून नेऊ नका, गावातल्या दुकानात दोन किलो तांदूळ घ्या आणि जाताना यजमानाच्या घरी द्या. थोडे थेपले आणि आपला लीलो चेवडो जवळ असला की सकाळ निघते. दहा-साडेदहानंतर जमिनीवरून हवा थरथरायला लागते. तेव्हा लांबच्या लेन्सने काढलेला प्रत्येक फोटो मऊ येतो आणि माणूस उगाच लेन्सला दोष देतो. अशा वेळी कॅमेरा बंद करून नुसतं बघा.

एप्रिल-मेमध्ये उघड्या माळावर गळ्याला पंखा असलेला छोटा सरडा उंच ढेकळावर चढून पंखा उघडतो-मिटतो. तो नेहमी त्याच दोन-चार ढेकळांवर येतो. ढेकूळ हेरा, त्याच्यासमोर पालथे पडा, हनुवटी जमिनीला लावा. उभं राहून खाली कॅमेरा रोखलेला फोटो मला आवडत नाही. त्यात प्राणी कचऱ्यासारखा पडलेला दिसतो. डोळा त्याच्या डोळ्याच्या उंचीवर हवा आणि फोकस डोळ्यावर हवा. बाकी शेपटी धूसर आली तरी चालेल. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा वेगवान, अ‍ॅपर्चर f/8 च्या आसपास, एवढ्यावर मी सुरुवात करते.

आता फुरसं. बन्नीत एका संध्याकाळी मी दगडावरच्या पालीचा फोटो घेत होते. चौकट बसेना म्हणून डोळा कॅमेऱ्यालाच ठेवून दोन पावलं मागे आले. बरोबरचे मालधारी, म्हणजे गुरं राखणारे, काका एकदम ओरडले, "बेन, नीचे जुओ!" (ताई, खाली बघा!) त्याच क्षणी तो आवाज आला. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर येतो तसा, पण न थांबणारा. खवले खवल्यांवर घासून फुरसं तो आवाज काढतं. माझ्या टाचेपासून वीतभर अंतरावर ते वेटोळी एकमेकांवर फिरवत बसलं होतं, डोक्यावरची बाणासारखी खूण मला दिसत होती. मी तशीच उभी राहिले. मिनिटाभराने ते कडेकडेने पीलूच्या झुडपाखाली निघून गेलं. फोटो काढला नाही, हात थरथरत होते. चूक संपूर्ण माझी होती. तेव्हापासून पाऊल उचलायच्या आधी डोळा कॅमेऱ्यावरून काढायचा, हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

रात्री घोट्याच्या वर जाणारे जाड बूट, जाड पँट, आणि कपाळावर टॉर्च. टॉर्च कपाळावरच हवा, कारण पालीचे डोळे त्याच रेषेत चमकतात आणि आधी डोळेच दिसतात. मी साडेचार फुटी काठी नेते. सापाला डिवचायला नाही, अंतर मोजायला. विषारी असो की बिनविषारी, एका काठीच्या आत मी जात नाही. फुरसं बहुधा हात-दीड हाताचंच असतं, पण हल्ला फार वेगाने करतं. त्यामुळे मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स सापासाठी वापरू नका, ती आपल्याला जवळ ओढते. शंभर ते चारशे मिलिमीटरची एक झूम लेन्स सरडे आणि साप दोन्हींना पुरते. मॅक्रो पालींसाठी ठेवा. फ्लॅश वापरलात तर त्याच्यावर ट्रेसिंग पेपर लावून, पाच-सहा फोटो, मग उजेड बंद.

धंद्याने शिकवलेली एक गोष्ट. रेती म्हणजे बहुतांश गारगोटी, ती लेन्सच्या लेपापेक्षा कठीण असते. ओढणीने, रुमालाने पुसलेले चष्मे आमच्याकडे रोज येतात, सगळे ओरखडलेले. लेन्सवर धूळ बसली तर आधी हवेच्या पंपाने उडवा, मग मऊ ब्रश, आणि कापड घरी आल्यावर. रणात लेन्स बदलायची झाली तर गाडीत, काचा वर करून.

चावलंच तर. घट्ट आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही, भगताकडे जाणं नाही. अंगठ्या, बूट, घड्याळ काढा, हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, आणि थेट मोठं रुग्णालय. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं बिघडतं आणि ते कधी काही तासांनी कळतं, म्हणून "मला काही होत नाही" म्हणत थांबायचं नाही. निघायच्या आधी, प्रतिविष कुठल्या रुग्णालयात आहे हे फोन करून विचारा आणि तो नंबर सोबतच्या ड्रायव्हरलाही द्या.

प्राणी हलवायचा नाही. चांगल्या उजेडात यावा म्हणून उचलून ठेवणं, शांत बसावा म्हणून टोपलीखाली झाकणं, गार पाणी मारणं, हे मी होताना पाहिलंय. तसे फोटो मला लगेच ओळखू येतात: रात्री फिरणारा साप भर उन्हात मोकळ्या रेतीवर नीट वेटोळं घालून बसलेला असतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याने असं पकडणं गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी ते वाईटच. दगड उलटलात तर तो जसा होता तसाच, त्याच खळग्यात ठेवा. त्याच्याखाली कुणाचं तरी गार घर असतं.

आणि जागा सांगायची नाही. तेलासाठी सांडे बिळातून उकरून काढतात, कंबर मोडून ठेवतात म्हणजे पळू नयेत. मांडुळाला तर गुप्तधनाच्या खुळापायी लाखांची बोली लागते. आपल्या फोटोत मागे दिसणारी पाण्याची टाकी, मैलाचा दगड, देवळाचा कळस ओळखून माणसं तिथे पोचतात. मोबाइलचं लोकेशन घरून निघतानाच बंद करा, फोटोतून खुणा कापा, आणि ताज्या फोटोऐवजी दोन महिन्यांपूर्वीचा दाखवा. मला कुणी विचारलं तर मी "कच्छ" एवढंच म्हणते, नातेवाइकांनाही.

परत निघताना सॅक, बूट, तांदळाची पिशवी उन्हात उलटी करून झटका. एकदा माझ्या सॅकच्या बाहेरच्या खिशात रेतीच्या रंगाची बोटभर पाल निघाली होती. गाडी वळवून तिला त्याच दगडापाशी सोडून आले.