मोठी व्हॅन घरासाठी वापरताना

पूर्ण आकाराची व्हॅन घरासाठी घेणाऱ्या बहुतेकांची पहिली चूक म्हणजे ते तिला मोठी कार समजतात. फोर्ड ट्रान्झिट, मर्सिडीज-बेंझ स्प्रिंटर किंवा शेव्हरोले एक्सप्रेस या जातीच्या गाड्यांचा सांगाडा मुळात कामाच्या गाडीचा असतो. त्याच सांगाड्यावर कोणी सामानाचे खोके वाहतो, कोणी हत्यारे ठेवण्याचे फडताळ बसवतो आणि कोणी तीन रांगांत आसने लावून घरची माणसे नेतो. ही गोष्ट एकदा मनात पक्की बसली की पुढचे बरेचसे निर्णय, टायर कोणते घ्यावेत, ब्रेक केव्हा तपासावेत, गाडी कोणत्या गॅरेजात न्यावी, हे सोपे होतात, कारण कामाच्या गाडीची देखभाल तिच्या बेताने करावी लागते आणि कारच्या सवयी तिथे पुरत नाहीत.

खरेदीपूर्वी मोजपट्टी घेऊन आपल्या रोजच्या जागा मोजाव्यात. अशा व्हॅनची लांबी साधारण साडेपाच ते सात मीटर असते, तर कारसाठी आखलेली पार्किंगची जागा बहुधा पाच मीटरच्या आसपास असते. म्हणजे गाडी उभी राहिली तरी तिचे नाक किंवा शेपूट रस्त्यात येते. उंचीचा प्रश्न त्याहून अवघड आहे. इमारतींखालच्या अनेक वाहनतळांत सुमारे दोन मीटर उंचीपर्यंतच प्रवेश असतो आणि उंच छताची व्हॅन अडीच मीटरच्या सहज पुढे जाते. छतावर कॅरियर बसवल्यावर उंची पुन्हा मोजावी आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून चालकाला समोर दिसेल असा चिकटवावा. स्मरणशक्तीवर विसंबणारे चालक छताला ओरखडे पडल्यावर ही चिठ्ठी लावतात. आधी लावली तर रंगाचा खर्च वाचतो.

आसनांच्या संख्येचा संबंध परवान्याशीही येतो. रस्ते वाहतुकीविषयीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारानुसार मोटारीच्या सामान्य परवान्यावर चालवता येणाऱ्या वाहनाचे कमाल अनुज्ञेय वजन, म्हणजे माणसे-सामानासह चालणारे जास्तीत जास्त वजन, 3500 किलोपर्यंत आणि चालकाखेरीज आसने आठपर्यंत असतात. अनेक देशांचे नियम याच चौकटीत आहेत, पण सगळ्यांचे नाहीत, म्हणून बारा किंवा पंधरा आसनांची गाडी पसंत करण्याआधी आपल्या परवान्यावर ती चालते का, आणि विमा खासगी वापराचा मिळतो का, हे लेखी विचारून घ्यावे. लहान मुलांची खुर्ची लावायची असेल तर ती प्रत्यक्ष नेऊन बसवून पाहावी. आयसोफिक्सचे कडे, म्हणजे मुलांची खुर्ची थेट गाडीला अडकवायचे कडे, काही मोजक्याच आसनांना असते, वरचा पट्टा अडकवायची जागा त्याहूनही कमी ठिकाणी असते, आणि मधल्या रांगेत खुर्ची लावल्यावर मागे जायची वाटच बंद होते, हे घरी आल्यावर कळून उपयोग नसतो.

आता वजन. चालकाच्या दाराच्या खांबावर एक पट्टी असते. तिच्यावर गाडीचे कमाल अनुज्ञेय वजन आणि प्रत्येक आसावर (अ‍ॅक्सलवर) किती भार चालतो ते छापलेले असते. भरलेल्या गाडीने तो आकडा ओलांडला की ब्रेक, टायर आणि पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) यांपैकी प्रत्येक भाग आपल्या मर्यादेबाहेर काम करू लागतो. एक उदाहरण घेऊ. कमाल वजन 3500 किलो आणि रिकाम्या गाडीचे वजन 2600 किलो असेल, तर हातात 900 किलो उरतात. चालकासह नऊ माणसे, सरासरी 65 किलोची, म्हणजे 585 किलो. प्रत्येकाची 20 किलोची बॅग धरली तर आणखी 180. उरलेल्या 135 किलोंत छतावरचे कॅरियर, पिण्याचे पाणी, तंबू, सायकली आणि ट्रेलर जोडला असेल तर त्याच्या दांड्याचा गाडीवर येणारा भार, हे सगळे बसवायचे असते. गाडी बाहेरून प्रचंड दिसते आणि तिची क्षमता मात्र अशी चटकन संपते. म्हणून मोठ्या प्रवासापूर्वी एकदा तरी माणसे आणि सामान भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि पुढच्या व मागच्या आसाचे वजन वेगवेगळे घ्यावे.

वेगळे घेण्याचे कारण असे की बेरीज नियमात बसूनही भार चुकीच्या जागी असू शकतो. मागच्या आसाच्याही मागे ठेवलेली जड वस्तू तरफेसारखी काम करते; ती पुढची चाके हलकी करते आणि स्टिअरिंग हाताला पोकळ लागते. छतावरचे वजन गुरुत्वमध्य वर नेते. अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने 2001 मध्ये पंधरा आसनी व्हॅनविषयी इशारा दिला होता: दहा किंवा अधिक माणसे असताना एकाच वाहनाच्या अपघातात ती उलटण्याचे प्रमाण कमी भरलेल्या गाडीच्या जवळजवळ तिप्पट आढळले होते. त्यानंतरच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण आले, तरी भौतिकशास्त्र बदललेले नाही. माणसे कमी असतील तर ती पुढच्या रांगांत बसवावीत, जड सामान जमिनीलगत आणि दोन आसांच्या मध्ये ठेवावे, छतावर फक्त हलके आणि फुगीर सामान न्यावे, आणि सर्वांनी, मागच्या रांगेतल्यांनीही, पट्टे लावावेत.

टायरवर मी सर्वांत जास्त भर देईन, कारण तेथे काटकसर करण्याचा मोह सर्वांत जास्त होतो. व्हॅनला भारवाहू जातीचे टायर लागतात. युरोपीय खुणांत मापाच्या आकड्यानंतर ‘सी’ आणि अमेरिकी खुणांत ‘एलटी’ ही अक्षरे त्यासाठी असतात. त्याच मापाचा कारचा टायर रिंगवर चढतो, गाडी चालतेही, पण त्याची बाजूची भिंत भार सोसण्यासाठी घडवलेली नसते. हवेचा दाब पुढे आणि मागे वेगळा असतो, तो टायरवर छापलेल्या कमाल आकड्यावरून न घेता दाराच्या पट्टीवरून घ्यावा, आणि टायर थंड असताना, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यावर मोजावा. कमी हवेचा टायर चालताना जास्त वाकतो, वाकण्याने तापतो आणि भरल्या गाडीत, उन्हाळ्यात, वेगात असताना फुटतो. टायरचे वयही पाहावे. बाजूच्या भिंतीवरील चार आकडी खुणेत पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. घरची व्हॅन वर्षाला थोडेच किलोमीटर धावत असेल तर नक्षी भरपूर शिल्लक असते आणि रबर मात्र कडक होऊन भेगाळलेले असते. सहा वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि दहा वर्षांपलीकडे कितीही चांगला दिसला तरी टायर ठेवू नये. हे स्टेपनीलाही लागू आहे. चाक काढून लावल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरांनी नट पुन्हा आवळून पाहावेत.

ब्रेकचे गणित भारावरच चालते. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला तर डिस्क आणि ब्रेक ऑइल तापते, आणि जुन्या ऑइलने हवेतील ओलावा शोषलेला असल्यास त्यातील पाणी उकळून पेडल पोकळ होते. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे, आणि उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकून इंजिनाला गाडी धरू द्यावी.

इंजिनाच्या देखभालीत पुस्तिकेतील ‘कठीण वापर’ हे कोष्टक आपल्यासाठी आहे, असे समजून चालावे. वारंवार छोट्या फेऱ्या, भरलेली गाडी, ट्रेलर ओढणे, मुलांची वाट पाहत इंजिन चालू ठेवून उभे राहणे, हा कुटुंबाच्या गाडीचा रोजचा दिनक्रमच त्यात बसतो. उभ्या गाडीचे तास किलोमीटरच्या आकड्यात दिसत नाहीत, पण ऑइल तेवढे जुने होते. गिअरबॉक्सचे ऑइलही याच हिशेबाने बदलावे. डिझेल व्हॅनच्या बाबतीत छोट्या फेऱ्या आणखी एक नुकसान करतात. धुरातील काजळी अडवणारी गाळणी स्वतःला जाळून स्वच्छ करते, त्यासाठी तिला सुमारे 600 अंश सेल्सियस तापमान लागते, आणि शाळेपर्यंतच्या दोन किलोमीटरांत ते कधीच गाठले जात नाही. अधूनमधून गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवावी. ज्यांच्या जवळजवळ सगळ्याच फेऱ्या छोट्या आहेत त्यांनी पेट्रोल इंजिनाची व्हॅन घेतलेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. डिझेलचा धूर स्वच्छ करण्यासाठी अ‍ॅडब्लू लागणारी गाडी असेल तर तो द्रव, म्हणजे 32.5 टक्के युरियाचे पाण्यातले द्रावण, चुकूनही डिझेलच्या टाकीत जाऊ देऊ नये. गेल्यास इंजिन सुरू न करता गाडी ओढून न्यावी. तो उणे 11 अंशांना गोठतो, पण टाकीतच त्याला वितळवण्याची सोय असते.

इंधनाबद्दल एकच गोष्ट. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि व्हॅनचा समोरचा भाग भिंतीसारखा असतो. ताशी 110 किलोमीटरऐवजी 90 ने गेल्यास तो रोध सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. आडव्या वाऱ्यात गाडी ढकलली जाते ती वेगळीच. पूल ओलांडताना किंवा मोठ्या ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत.

मागच्या रांगेसाठी वेगळा एसी किंवा हीटर असलेल्या गाडीत त्यांच्या नळ्या तळाखालून मागे जातात, दगड-चिखल झेलतात आणि जोडांपाशी गंजतात. कूलंट हळूहळू कमी होत असेल आणि पुढे कोठेही गळती दिसत नसेल, तर मेकॅनिकला आधी या नळ्या पाहायला सांगाव्यात.

सरकते दार हा घरच्या व्हॅनचा सर्वांत जास्त राबणारा भाग आहे. ते जड असते, तीन ठिकाणच्या चाकांवर धावते, आणि मुले ते उघडताना शेवटपर्यंत आपटतात. बिस्किटांचा चुरा, वाळू आणि खडे खालच्या रुळात साचतात व चाके झिजवतात. महिन्यातून एकदा रूळ ब्रशने झाडून ओल्या फडक्याने पुसावेत आणि कोरडे वंगण फवारावे; ग्रीस थापले तर त्यात धूळ चिकटून तीच कानस होते. दार मागे लोंबू लागले किंवा लावताना उचलावे लागले तर चाके लगेच बदलावीत, कारण उशीर केल्यास रुळाचा पत्राच खराब होतो. दाराच्या उंबऱ्याखाली, चाकांच्या कमानींत आणि पत्र्याच्या सांध्यांत गंज आधी धरतो. तेथील पाणी जाण्याची छिद्रे काडीने मोकळी ठेवावीत.

गाडी कोठे दाखवावी हेही आधी ठरवावे. कारच्या गॅरेजातील लिफ्ट व्हॅनचे वजन किंवा लांबी पेलेलच असे नाही, आणि उंच छप्पर दरवाज्यातून आत शिरत नाही. मालवाहू गाड्या दुरुस्त करणारे गॅरेज शोधावे. तेथे सुटे भाग तयार असतात आणि पाटे, बॉल जॉइंट, शॉकअब्सॉर्बर यांची झीज त्यांना आवाजावरून कळते. काही जुन्या व्हॅनमध्ये इंजिनाचा अर्धा भाग पुढच्या दोन आसनांमध्ये झाकणाखाली असतो, त्यामुळे साध्या स्पार्क प्लगलाही मजुरीचे तास जास्त पडतात. तो आकडा ऐकून मेकॅनिकवर संशय घेण्याआधी ते झाकण स्वतः एकदा उघडून पाहावे.

मागे घेताना आरसे आणि कॅमेरा दोन्ही असूनही एका मोठ्या माणसाने खाली उतरून गाडीभोवती फेरी मारावी. गाडीच्या अगदी पुढे आणि मागे उभे असलेले लहान मूल चालकाच्या आसनावरून दिसत नाही. अंगणातही हा नियम मोडू नये.

शेवटी स्टेपनी. ती बहुधा मागच्या बाजूला तळाखाली तारेने टांगलेली असते, आणि वर्षानुवर्षे न हललेली ती यंत्रणा नेमकी गरजेच्या वेळी गंजून अडकते. एखाद्या निवांत सकाळी सपाट जागेवर चाक खाली उतरवून, जॅक लावून, नट सैल करून पाहावे. गाडीसोबत आलेला पाना तोकडा पडला तर लांब दांड्याचा घ्यावा, जॅकखाली ठेवायला जाड फळी आणि चाकांना लावायला दोन अडण्या गाडीत ठेवाव्यात, आणि चाक एकट्याने उचलवत नसेल तर ते कोणी व कसे उचलायचे हे त्याच सकाळी ठरवून टाकावे.