टॉन्सिलशेजारच्या गळूची सोनोग्राफी : कॅज्युअल्टीत या चुका टाळा

टॉन्सिलशेजारी पू साचला आहे की नुसतीच सूज आहे, हे टॉर्च आणि टंग डिप्रेसरच्या भरवशावर ठरवताना अनुभवी डॉक्टरही चुकतात. सोनोग्राफीने हा प्रश्न खाटेपाशीच सुटू शकतो, पण ती करतानाही काही चुका हमखास होतात.

त्यातली सर्वांत घातक चूक म्हणजे श्वासाचा अंदाज घेण्याआधीच प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा शरीरावर टेकवायचा भाग) हाती घेणे. श्वास आत घेताना कर्कश आवाज येत असेल, लाळ गिळवत नसेल किंवा रुग्ण पुढे झुकूनच बसत असेल, तर त्याला आडवे करू नये, तोंडात काही घालू नये आणि आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ व भूलतज्ज्ञ यांना बोलवावे.

दुसरी चूक नागपुरात विशेष संभवते. जबडा आखडणे हे गळूचे लक्षण खरे, मात्र आपल्याकडे खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाणाऱ्या अनेकांचे तोंड सुपारीमुळे झालेल्या फायब्रोसिसने, म्हणजे तोंडातले अस्तर घट्ट झाल्याने, आधीपासूनच कमी उघडते. त्यामुळे ही अडचण चार दिवसांची आहे की चार वर्षांची, हे विचारल्याशिवाय त्या लक्षणाला वजन देऊ नये. अशा तोंडात एंडोकॅव्हिटी (शरीराच्या पोकळीत घालायचा लांबट) प्रोब रेटण्याऐवजी लिनिअर (सपाट तोंडाचा) किंवा कर्व्हिलिनिअर (वक्र तोंडाचा) प्रोब मानेवर, जबड्याच्या कोनाखाली ठेवून टॉन्सिलकडे वळवावा. निरोगी बाजू आधी पाहावी, म्हणजे तुलना सोपी होते.

गळू काळेच दिसेल, ही अपेक्षाही फसवी आहे. दाट पू आसपासच्या ऊतींइतकाच करडा दिसू शकतो, म्हणून प्रोबने हलका दाब देऊन आतला द्रव हलतो का आणि पोकळीच्या मागे उजळपणा येतो का, हे पाहावे.

कलर डॉप्लर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय) न लावता सुई घालणे मात्र अक्षम्य आहे. टॉन्सिलच्या मागे, बाहेरच्या अंगाला साधारण २ ते २.५ सेंटिमीटरवर आतली कॅरोटिड धमनी असते. ती ओळखून अंतर मोजावे आणि सुईचे टोपण कापून टोक सुमारे १ सेंटिमीटरच बाहेर राहील, असे करावे.

प्रोब नाही म्हणून दुसऱ्या इमारतीतले यंत्र थोड्या वेळापुरते उचलून आणणेही टाळावे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली सोनोग्राफी यंत्राची नोंदणी जागेशी बांधलेली असते आणि ‘घशासाठीच हवे होते’ हा खुलासा पुरत नाही.

सोनोग्राफीत काही दिसले नाही, तरी मान ताठ असेल किंवा ताप उतरत नसेल, तर घशामागच्या गळूच्या शंकेने सीटी स्कॅन करून घ्यावा.